नव्या मॉनिटरवर मराठी अक्षर रेखीव दिसावे म्हणून

मी घरी बसून मुद्रितशोधनाचे काम करतो. नवा मॉनिटर आणल्यानंतरच्या पहिल्याच पुस्तकात माझ्या हातून तीन ठिकाणी ‘त्यांचे’ऐवजी ‘त्याचे’ तसेच राहून गेले, आणि चूक कुठे झाली हे शोधताना लक्षात आले, की पडद्यावर अनुस्वार आहे की नाही हे मला खात्रीने दिसतच नव्हते. मी अंदाजाने वाचत होतो. मॉनिटर कोरा होता, २४ इंची, फुल एचडी. तो जोडून देणाऱ्या मुलाने मात्र “काका, अक्षरं बारीक वाटतायत ना? थांबा, मोठी करून देतो,” असे म्हणून रेझोल्यूशन १३६६ बाय ७६८ वर आणून ठेवले होते, आणि केबलही जुन्या संगणकाचीच, निळ्या तोंडाची, लावली होती. त्याचा हेतू चांगला होता, पण या दोन गोष्टींनी मिळून नव्या पडद्याचे पाणी घालवले होते.

नवा मॉनिटर धूसर दिसतो तेव्हा बहुतेक लोक आधी उजेड, मग रंग आणि मग ‘शार्पनेस’ या क्रमाने बटणे दाबत बसतात. हा क्रम उलटा आहे. ही सगळी बटणे शेवटी हातात घ्यायची. आधी संगणकाने तयार केलेले चित्र पडद्यापर्यंत जसेच्या तसे पोहोचते आहे की वाटेत कोणीतरी ते ताणून, दाबून, पुन्हा रंगवून पुढे देत आहे, हे पाहायचे.

ठिपक्याला ठिपका

सपाट पडद्यावर पिक्सेलांची जाळी कारखान्यातच कायमची बसवलेली असते. फुल एचडी पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० असे एकूण २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात. त्यांतला एकही वाढत नाही, कमी होत नाही की जागचा हलत नाही. संगणकाने नेमके तितकेच ठिपके पाठवले, तर प्रत्येक ठिपक्याला स्वतःचे घर मिळते आणि अक्षराची कड जिथे असायला हवी तिथेच उमटते. त्याने १३६६ बाय ७६८ म्हणजे साडेदहा लाखांच्या आसपास ठिपके पाठवले, तर एकेक ठिपका आडव्या अंगाने सुमारे १.४ पिक्सेलांत पसरावा लागतो. पिक्सेल अर्धामुर्धा पेटत नसल्यामुळे मॉनिटर शेजारच्या ठिपक्यांचे रंग मिसळून मधल्या करड्या छटा तयार करतो. काळ्या कान्याच्या दोन्ही बाजूंना करडी किनार येते, शिरोरेषा एका ओळीऐवजी दोन फिकट ओळींत विभागली जाते, आणि मुळात दोन पिक्सेलांचा असलेला अनुस्वार कागदावरच्या डागासारखा होतो.

जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरवर असे होत नसे. तिथे इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर ओळी ओढत जाई आणि ओळी कमी किंवा जास्त करता येत, त्यामुळे ८०० बाय ६०० काय आणि १०२४ बाय ७६८ काय, दोन्ही सारखेच नीट दिसे. ‘अक्षर मोठे हवे, तर रेझोल्यूशन कमी करा’ हा सल्ला त्या काळात बरोबर होता. काचेची नळी गेली, पण सल्ला अजून जिवंत आहे.

विंडोजमध्ये डेस्कटॉपच्या रिकाम्या जागेवर उजवी क्लिक करून ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ उघडावे आणि ‘डिस्प्ले रेझोल्यूशन’च्या यादीत ज्या आकड्यापुढे ‘रेकमेंडेड’ असे लिहिले असेल तो निवडावा. तो आकडा मॉनिटरच्या खोक्यावर छापलेल्या आकड्याशी ताडून पाहावा, कारण केबल किंवा ड्रायव्हर (संगणकाचे चित्र पडद्याकडे पाठवणारे सॉफ्टवेअर) गडबड करत असेल तर संगणकाला मॉनिटरची खरी ओळख पटत नाही आणि तो भलतेच काहीतरी सुचवतो. त्याच पानावर खाली ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’ आहे. तिथे डेस्कटॉपचे रेझोल्यूशन आणि मॉनिटरकडे प्रत्यक्ष जाणाऱ्या सिग्नलचे रेझोल्यूशन असे दोन आकडे वेगवेगळे दिलेले असतात. ते दोन्ही एकच असले पाहिजेत. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूतही ‘इन्फर्मेशन’ नावाचे पान असते आणि त्यावर येणारा सिग्नल लिहिलेला असतो. संगणक काय पाठवतो आहे यापेक्षा मॉनिटरला काय मिळते आहे हे त्यावरून कळते, म्हणून मी त्यालाच अखेरचा साक्षीदार मानतो.

लॅपटॉपला मॉनिटर जोडणाऱ्यांसाठी इथे एक जास्तीचा खड्डा आहे. दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दाखवणारी ‘डुप्लिकेट’ रीत चालू असेल, तर दोन्ही पडद्यांना झेपेल असे एकच रेझोल्यूशन निवडले जाते, आणि लॅपटॉपचा पडदा १३६६ बाय ७६८ चा असेल तर मोठ्या मॉनिटरलाही त्याच्याच पंगतीला बसावे लागते. विंडोजचे बटण आणि ‘पी’ एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ किंवा ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ निवडले, की मोठा पडदा मोकळा होतो. माझ्या ओळखीतल्या ज्या घरांत ‘मॉनिटर खराब निघाला’ अशी तक्रार होती, त्यांतल्या निम्म्या घरांत प्रकरण इथेच मिटले.

केबल आणि तिचे तोंड

निळ्या तोंडाची, पंधरा पिनांची, दोन बाजूंनी स्क्रू पिळून बसवायची केबल म्हणजे व्हीजीए. आयबीएमने ती जोडणी १९८७ साली आणली, तेव्हा सगळेच मॉनिटर काचेच्या नळीचे होते. तिच्यातून ठिपके जात नाहीत, विजेचा कमी-जास्त होणारा दाब जातो. संगणक आपल्याकडचे ठिपके त्या दाबात उतरवतो आणि मॉनिटर तो दाब पुन्हा मोजून ठिपके तयार करतो. फुल एचडीला सेकंदाला ६० वेळा चित्र पाठवायचे, तर एका पिक्सेलच्या वाट्याला सात नॅनोसेकंदांपेक्षा कमी वेळ येतो. मॉनिटरने तेवढ्या अवधीत नेमक्या मध्यावर दाब मोजला तर ठिपका स्वच्छ येतो. मोजमाप जरा मागेपुढे झाले, की एका पिक्सेलचा रंग दुसऱ्यात गळतो आणि उभ्या रेषांच्या कडेला सावली पडते. उभा काना हा तर आपल्या लिपीचा कणाच, त्यामुळे या दोषाचा फटका मराठी मजकुराला लगेच जाणवतो.

संगणकाला एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट या नव्या, ठिपके आकड्यांतच पाठवणाऱ्या जोडण्यांची खाच असेल, तर व्हीजीए केबल सरळ कपाटात ठेवावी. संगणकाच्या उभ्या खोक्यात चित्र तयार करणारे वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेले असेल, तर केबल त्या कार्डाच्या खाचेत लावावी. मदरबोर्डाच्या खाचेत लावल्यास चित्र येतच नाही किंवा कार्ड विकत घेतल्याचा काही उपयोग होत नाही.

ज्यांच्याकडे जुन्या संगणकामुळे व्हीजीएशिवाय गत्यंतर नाही, त्यांनी हे करावे. रेझोल्यूशन बरोबर करून पडद्यावर काठापर्यंत भरलेले उजळ चित्र किंवा पांढरे पान आणावे, म्हणजे मॉनिटरला चित्राची हद्द ओळखता येते, आणि मग मॉनिटरच्या मेनूतले ‘ऑटो ॲडजस्ट’ दाबावे. काळ्या पार्श्वभूमीवर दाबले तर मॉनिटर हद्द चुकीची धरतो आणि चित्र एका बाजूला सरकते. त्यानंतरही बारीक मजकुरात ठराविक अंतरावर उभे धूसर पट्टे दिसत असतील तर ‘क्लॉक’ एकेका घराने बदलावे. पट्टे गेले पण अक्षरे थरथरताना दिसली तर ‘फेज’ बदलावी. हे काम घाईने होत नाही. अनुस्वारावर नजर ठेवून एकेक घर पुढे सरकायचे.

एचडीएमआय केबलच्या किमतीबद्दल दुकानात बरेच ऐकवले जाते. फुल एचडी मॉनिटरसाठी खोक्यात आलेली साधी केबल पुरते. या केबलीतून आकडे जातात. आकडे नीट पोहोचले तर चित्र नीट दिसते, आणि नाही पोहोचले तर पडद्यावर चमचमणारे ठिपके येतात किंवा तो मधूनच काळा होतो. सोन्याचा मुलामा दिलेल्या केबलने अक्षर तसूभरही रेखीव होत नाही. ४के, म्हणजे ३८४० बाय २१६० पिक्सेलांचा मॉनिटर मात्र याला अपवाद आहे. त्याला सेकंदाला ६० चित्रे पूर्ण रंगांत हवी असतील, तर संगणकाची खाच, केबल आणि मॉनिटरची खाच या तिन्ही गोष्टी किमान एचडीएमआय २.० च्या योग्यतेच्या असाव्या लागतात. साखळीत एक जरी १.४ ची निघाली, तर ४के चित्र सेकंदाला ३० वरच अडते आणि माउसचा बाण अडखळत चालल्यासारखा दिसतो. अशा वेळी डिस्प्लेपोर्ट असेल तर तो वापरावा. त्याच्या २०१० सालच्या १.२ आवृत्तीपासूनच ४के साठ वेळा जाते.

मॉनिटरला टीव्ही समजण्याची चूक

एचडीएमआय मुळात दिवाणखान्यातून आले आहे आणि त्याच्या सवयीही तिथल्याच आहेत. १९२० बाय १०८० हे टीव्हीचेही माप असल्यामुळे ग्राफिक्स ड्रायव्हर कधीकधी समोरच्या मॉनिटरला टीव्ही समजतो आणि तीन गोष्टी करून ठेवतो.

पहिली गोष्ट म्हणजे चित्र किंचित वाढवून कडा कापणे. टास्कबारचा खालचा काठ गायब झाला किंवा उलट चारही बाजूंना काळी चौकट राहिली, तर चित्र ताणले किंवा आवळले जात आहे असे समजावे. दोन्हींत ठिपक्याला ठिपका राहत नाही. मॉनिटरच्या मेनूत ‘ओव्हरस्कॅन’ बंद करावे किंवा ‘पीसी’ आणि ‘एव्ही’ असे पर्याय असतील तर ‘पीसी’ निवडावा, आणि ग्राफिक्स कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्केलिंगची घसरपट्टी शून्यावर आणावी. खराखुरा टीव्हीच मॉनिटर म्हणून वापरत असाल, तर त्याच्या चित्राच्या आकाराच्या यादीत ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ अशा नावाचा पर्याय सापडतो.

दुसरी गोष्ट काळ्या-पांढऱ्याच्या हद्दीची आहे. संगणक काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा ० ते २५५ या आकड्यांत मांडतो, तर टीव्हीच्या जगात १६ म्हणजे काळा आणि २३५ म्हणजे पांढरा. संगणकाने टीव्हीच्या हिशेबाने पाठवले आणि मॉनिटरने संगणकाच्या हिशेबाने वाचले, की काळे अक्षर राखाडी होते. कडा जागच्या जागी असतात, पण शाई पातळ झाल्यासारखी वाटते आणि डोळा त्यालाच धूसरपणा म्हणतो. ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचे असेल तर त्याच्या कंट्रोल पॅनलमध्ये रेझोल्यूशनच्या पानावर खाली ‘आउटपुट डायनॅमिक रेंज’ ‘फुल’ करावी. इंटेल आणि एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्येही डिस्प्लेच्या पानावर याच अर्थाचा पर्याय असतो. मॉनिटरच्या मेनूत ‘एचडीएमआय ब्लॅक लेव्हल’ असेल तर तोही संगणकाशी जुळता ठेवावा.

तिसरी गोष्ट सगळ्यांत फसवी, कारण काळ्या-पांढऱ्या मजकुरात ती सहज लपते. टीव्हीसाठी चित्र पाठवताना उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची वेगळी, पण रंगाची माहिती शेजारच्या पिक्सेलांत वाटून पाठवतात. ४:२:० या प्रकारात चार पिक्सेलांना मिळून एकच रंग मिळतो. सिनेमात हे कळत नाही. निळ्या पट्टीवर लाल अक्षरे लिहिलेली असतील, तर मात्र ती पाण्यात भिजल्यासारखी दिसतात. ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’च्या पानावर रंगाचा प्रकार ‘आरजीबी’ लिहिलेला असावा. तिथे ‘वायसीबीसीआर ४:२:०’ किंवा ‘४:२:२’ दिसले, तर ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन ‘आरजीबी’ निवडावे. यादीत तो पर्यायच येत नसेल तर केबल किंवा खाच कमी पडते आहे.

अक्षर मोठे करण्याची खरी जागा

रेझोल्यूशन पूर्ण केल्यावर चाळिशी ओलांडलेल्यांची पहिली प्रतिक्रिया ‘आता वाचताच येत नाही’ अशी असते, आणि ती रास्त आहे. त्यावरचा उपाय त्याच पानावर ‘स्केल’ या नावाने आहे. स्केल १२५ किंवा १५० टक्के केले, की संगणक मोठे अक्षर मुळातूनच नव्याने आखतो. तयार झालेले लहान अक्षर ताणत नाही. फॉन्टमध्ये अक्षराचा आकार वक्ररेषांच्या स्वरूपात साठवलेला असतो, त्यामुळे तो कोणत्याही मापाला पुन्हा स्वच्छ आखता येतो.

मराठीसाठी ही गोष्ट इंग्रजीपेक्षा जास्त महत्त्वाची आहे. विंडोजमध्ये फाइलींच्या नावांचे अक्षर ९ पॉइंटांचे असते, म्हणजे १०० टक्के स्केलवर मापाने १२ पिक्सेल. रोमन अक्षराला एवढी जागा पुष्कळ होते. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार, आणि मधे जोडाक्षर असा तीन मजली संसार तेवढ्याच उंचीत थाटायचा असतो. २४ इंची फुल एचडीवर बहुतेकांना १२५ टक्के सोयीचे पडते. २७ इंची ४के पडद्यावर १५० टक्क्यांपासून सुरुवात करावी. स्केल बदलल्यावर एकदा साइन आउट करून पुन्हा आत यावे, नाहीतर आधीपासून उघडे असलेले काही प्रोग्रॅम जुन्याच मापाने आखलेले चित्र ताणून दाखवत राहतात.

काही जुने प्रोग्रॅम तर साइन आउट करूनही सुधारत नाहीत. स्केल ही कल्पना रुळण्यापूर्वी ते लिहिले गेले आहेत, त्यामुळे विंडोज त्यांना १०० टक्क्यांवर चित्र काढू देते आणि मग ते चित्र भिंगाखाली धरल्यासारखे फुगवते. मराठी डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर पाने जुळवण्याच्या धंद्यात पेजमेकर ७.० हा प्रोग्रॅम अजूनही वापरात आहे. तो २००१ सालचा. त्याच्याकडून वेगळी अपेक्षा करता येत नाही. अशा प्रोग्रॅमच्या आयकॉनवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’, त्यात ‘कम्पॅटिबिलिटी’ आणि त्यात ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’ इथवर जावे, सर्वांत खालच्या चौकोनात खूण करावी आणि यादीतून ‘ॲप्लिकेशन’ निवडावे. अक्षर धारदार होते, पण त्या प्रोग्रॅमचे मेनू आणि बटणे मात्र मुंगीएवढी होतात. पानावरचा मजकूर प्रोग्रॅमच्या आतल्या झूमने वाढवता येत असल्यामुळे मला हा सौदा पटला. ज्यांना मेनू दिसणे जास्त गरजेचे आहे त्यांनी त्याच यादीतले ‘सिस्टम (एन्हान्स्ड)’ करून पाहावे.

क्लीअरटाइप, आणि भिंगातून एक नजर

इथे पाच मिनिटे काढून एक प्रयोग करावा असे मी सुचवीन. नोटपॅडमध्ये पुढील वाक्य लिहावे: ‘त्यांच्या घरातील वृद्ध भटजींनी षट्कोनी घंटा धुऊन ठेवली.’ हे वाक्य मी माझ्या सोयीसाठी जुळवले आहे. घ आणि ध, भ आणि म, ष आणि प, द्ध आणि द्व या धूसर पडद्यावर एकमेकांच्या जागी वाचल्या जाणाऱ्या जोड्यांतले एकेक अक्षर त्यात आहे, आणि तीन अनुस्वारही आहेत. आता टपालाची तिकिटे पाहायचे भिंग घेऊन ‘घ’च्या कान्याकडे पाहावे. प्रत्येक पिक्सेल म्हणजे लाल, हिरवी आणि निळी अशा तीन उभ्या पट्ट्या शेजारी-शेजारी दिसतील, आणि कान्याच्या एका कडेला तांबूस तर दुसऱ्या कडेला निळसर झाक दिसेल.

ही रंगीत झाक दोष नाही. अक्षराची कड पिक्सेलच्या मधोमध पडत असेल, तर त्या पिक्सेलच्या तीनपैकी एक किंवा दोनच पट्ट्या पेटवून कड जागेवर आणायची, ही क्लीअरटाइपची युक्ती आहे. मायक्रोसॉफ्टने ती १९९८ साली जाहीर केली आणि विंडोज एक्सपीपासून ती घरोघर पोहोचली. ती उभ्या कडांना उपकारक आहे. आडव्या शिरोरेषेला तिचा काही लाभ नाही, कारण पट्ट्या उभ्याच असतात. मॉनिटर नव्वद अंशांत फिरवून उभा वापरणाऱ्यांच्या पडद्यावर पट्ट्या आडव्या होतात आणि हीच युक्ती उलटते. काही पडद्यांत पट्ट्यांचा क्रम उलटा असतो, तिथेही अक्षराभोवती रंगांची झालर साध्या डोळ्यांना दिसू लागते.

स्टार्ट मेनूत ‘क्लीअरटाइप’ असे रोमन अक्षरांत टाइप केले, की ते जुळवण्याचे साधन सापडते. आधी ते चालू ठेवायचे की नाही हे विचारले जाते आणि नंतर एकामागून एक पानांवर मजकुराचे नमुने दाखवून सर्वांत चांगला कोणता ते विचारले जाते. नमुने इंग्रजीत असतात, म्हणून मी निवड पूर्ण झाल्यावर वरचे मराठी वाक्य पुन्हा पाहतो आणि पसंत पडले नाही तर परत सुरुवातीपासून जातो. ज्यांच्या डोळ्यांना रंगाची झाक खुपते, त्यांनी ते निःसंकोच बंद करावे. मॅक वापरणाऱ्यांपुढे हा प्रश्न येत नाही, कारण ॲपलने मॅकच्या २०१८ च्या मोहावे या आवृत्तीपासून ही युक्ती सोडून दिली. त्यामुळे साध्या फुल एचडी मॉनिटरवर मॅकचे अक्षर विंडोजपेक्षा मऊ दिसते, आणि त्यावर उपाय म्हणजे जास्त पिक्सेलांचा मॉनिटर.

फॉन्टचाही वाटा असतो. विंडोजमध्ये देवनागरीसाठी पूर्वी ‘मंगल’ असे, विंडोज ८ पासून ती जागा ‘निर्मला यूआय’ने घेतली. लहान मापात ज्या फॉन्टच्या रेघा एकसारख्या जाडीच्या आहेत तो बोरूच्या वळणाच्या फॉन्टपेक्षा स्पष्ट दिसतो, कारण बोरूची बारीक रेघ एका पिक्सेलपेक्षा बारीक होते आणि पुसट पडते. मी प्रुफे तपासताना ‘मुक्ता’ लावतो आणि काम झाल्यावर मूळ फॉन्टवर परत आणतो.

आता मॉनिटरची बटणे

इथवर आल्यावरच ‘शार्पनेस’ला हात लावावा. हे बटण नवा तपशील आणत नाही; ते कडेच्या काळ्या बाजूला अधिक काळे आणि पांढऱ्या बाजूला अधिक पांढरे करते. काही मॉनिटरांत काहीही न करणारे तटस्थ मूल्य ५० असते, काहींत ०. करड्या पार्श्वभूमीवर काळा मजकूर ठेवून मूल्य पूर्ण वाढवावे, म्हणजे अक्षरांभोवती पांढरी कडा उजळलेली दिसेल. मग ती कडा नाहीशी होईपर्यंत हळूहळू उतरवत यावे आणि तिथेच थांबावे. त्याहून खाली गेल्यास अक्षर मऊ होते. ‘सुपर रेझोल्यूशन’, ‘मॅजिक अपस्केल’, ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’ आणि गडद-भडक दाखवणारे सिनेमा किंवा गेमचे मोड मजकुरासाठी बंद ठेवावेत. उजेड खोलीइतका असावा. पडद्यावरचे पांढरे पान शेजारी धरलेल्या कोऱ्या कागदाइतके दिसले, की पुरे.

मजकूर वर-खाली सरकवतानाच फक्त धूसर होत असेल, तर तो पिक्सेलांच्या रंग बदलण्याच्या वेगाचा प्रश्न आहे. मेनूतला ‘रिस्पॉन्स टाइम’ किंवा ‘ओव्हरड्राइव्ह’ मधल्या पायरीवर ठेवावा आणि ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये मॉनिटरला झेपणारा सर्वांत मोठा रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र बदलते तो आकडा) निवडावा.

आणि हो, पडद्यावरची वाहतुकीसाठी लावलेली पातळ पारदर्शक फिल्म काढली आहे का, हेही पाहावे. हसण्यासारखी गोष्ट वाटेल, पण वर्षभर ती तशीच ठेवलेले गृहस्थ मला माहीत आहेत, ‘धूळ बसू नये म्हणून’.

पडद्याची मर्यादा कुठे येते

सगळे बरोबर असूनही फोनइतके गुळगुळीत अक्षर दिसत नाही, याचे कारण साध्या मोजमापात आहे. २४ इंची फुल एचडी पडद्यावर एका पिक्सेलची रुंदी ०.२७७ मिलिमीटर असते. तितकेच पिक्सेल २७ इंचांवर पसरले की ती ०.३११ होते. निरोगी डोळ्याला साधारण एका कोनीय मिनिटाचा (एका अंशाच्या साठाव्या भागाचा) तपशील वेगळा ओळखता येतो, आणि ६० सेंटिमीटरवरून तो सुमारे ०.१७५ मिलिमीटर भरतो. म्हणजे या दोन्ही पडद्यांवर पिक्सेल डोळ्याला सुटे दिसणारच. २७ इंची ४के पडद्याचा पिक्सेल ०.१५६ मिलिमीटरचा असल्यामुळे तो या रेषेच्या आत येतो. म्हणूनच दिवसभर मराठी मजकूर वाचण्याचे काम असणाऱ्याने २७ इंची फुल एचडी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच पैशांत २४ इंची घ्यावा, किंवा थोडे थांबून २७ इंचांत २५६० बाय १४४० चा तरी घ्यावा.

व्हॉट्सॲपवर आलेला सातबाराचा फोटो किंवा स्कॅन केलेली पीडीएफ धूसर दिसत असेल, तर तिथे मॉनिटर निर्दोष आहे. ते चित्र आहे, मजकूर नव्हे. मोठे केले की त्यातले मोजकेच ठिपके मोठे होतात. तपासणी नेहमी टाइप केलेल्या मजकुरावर करावी. तसेच चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासला होता हेही आठवून पाहावे, कारण वाचनाचा चष्मा हातातल्या पुस्तकाच्या अंतरासाठी असतो आणि मॉनिटर त्याच्या जवळजवळ दीडपट लांब असतो.

या सगळ्या पायऱ्या करूनही पडद्याचा एखादाच कोपरा धूसर राहिला, किंवा सरळ रेषा विशिष्ट ठिकाणी तुटत असली, तर तोच मॉनिटर त्याच केबलने दुसऱ्या संगणकाला लावून पाहावा. तिथेही तेच दिसले तर दोष पडद्यात आहे. दुकानाची किंवा संकेतस्थळाची बदलून देण्याची मुदत थोड्याच दिवसांची असते, म्हणून ही तपासणी पहिल्याच दिवशी उरकावी आणि तोवर खोके, थर्माकोल आणि पिशवीतले दोन स्क्रू रद्दीवाल्याकडे जाऊ देऊ नयेत.